सी लँग्वेजमध्ये एरर एकही नाही पण उत्तर चुकतंय? कोयनेच्या विसर्गाचं गणित घेऊन डेटा टाईपचा घोळ सोडवू

प्रोग्राम कंपाईल होतोय, एरर नाही, वॉर्निंग नाही, छोटे आकडे टाकले की उत्तर बरोबर, आणि मोठा आकडा टाकला की एकदम मायनस, नाहीतर शून्य, नाहीतर कायतरी भलतंच. सांगलीत इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या पोरांकडनं हा प्रश्न दरवर्षी येतोय, आणि मिनी प्रोजेक्ट पावसाळ्यात असला की हमखास येतोय कारण बऱ्याच ग्रुपचा विषय कृष्णेचा पूर असतो. लॉजिक परत परत तपासत बसतात, फॉर लूप उलटा-सुलटा करून बघतात, आणि लॉजिक तर बरोबरच असतंय. चुकतोय तो टाईप, म्हणजे आकडा कुठल्या प्रकारच्या जागेत ठेवलाय ते. आणि तोही जिथं बघताय तिथं नाही.

एकच गणित घेऊ आणि त्याचंच पोस्टमॉर्टेम करू. कोयनेतनं ५०,००० क्युसेक पाणी पूर्ण दिवसभर सोडलं तर किती टीएमसी गेलं? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसाचे सेकंद ८६,४००, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. म्हणजे ५०,००० गुणिले ८६,४००, झाले ४,३२,००,००,००० घनफूट, भागिले शंभर कोटी, उत्तर ४.३२ टीएमसी. कागदावर दोन ओळीत होतंय.

आता पोरं काय लिहितात (कोड इथं देवनागरीत देतोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करा):

इंट क्युसेक = ५००००;
इंट घनफूट = क्युसेक * ८६४००;
इंट टीएमसी = घनफूट / १००००००००० ;

उत्तर येतं शून्य. मधला घनफूट छापून बघितला तर २,५०,३२,७०४. ४३२ कोटी हवे होते, आले अडीच कोटी.

कारण सोपं आहे. आजच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर इंटला, म्हणजे पूर्णांकाच्या नेहमीच्या टाईपला, ३२ बिट मिळतात, त्यातलं एक चिन्हाकडं जातंय, म्हणून वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. गोळाबेरीज २१४ कोटी. म्हणजे घनफुटात मोजायचं ठरवलं तर इंटमध्ये दोन टीएमसी पाणी मावतंय, तिसरं मावत नाही, आणि कोयनेची क्षमता आहे १०५.२५ टीएमसी. ज्या व्हेरिएबलमध्ये दोन टीएमसी राहतंय त्यात शिवसागर (कोयनेचा जलाशय) कोंबायला निघालाय तुम्ही. वरचं जे जास्त होतं ते ३२ बिटच्या बाहेर पडतंय, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वजा होतात आणि उरलेलं तुम्हाला दिसतं. ४३२ कोटीतनं ते वजा करून बघा, बरोबर २,५०,३२,७०४ राहतात.

आता "कधी बरोबर येतं कधी चुकतं" ह्याचं उत्तर ह्याच गणितात आहे आणि ते नीट बघण्यासारखं आहे. कोयनेच्या पायथा वीजगृहातनं २,१०० क्युसेक सोडतात तो आकडा टाका: १८,१४,४०,००० येतात, एकदम बरोबर. पोरगं खूश, टेस्टिंग झालं म्हणून मोकळं. २४,८५५ क्युसेकपर्यंत सगळं बरोबर चालतंय. २४,८५६ टाकला की उत्तर येतंय मायनस २,१४,७४,०८,८९६. पुढं मायनसच राहतं, पण ४९,७११ ला परत प्लस होतंय, फक्त आता ते ६३,१०४ असतंय. म्हणून ५० हजाराला मायनस दिसत नाही, छान पॉझिटिव्ह आकडा दिसतो आणि कुणाला शंकाही येत नाही. मायनस आलं तर नशीब समजा, निदान कळतं तरी. तसंच सगळं धरण भरलं तर किती घनफूट म्हणून १०५ गुणिले शंभर कोटी केलं तर इंटमध्ये १,९२,०७,८४,८९६ येतात. प्लसमध्ये, भरघोस, आणि साफ चूक. वेगवेगळे इनपुट दिले की वेगवेगळ्या तऱ्हेनं चुकतंय म्हणून लोकांना वाटतं की हा रँडम प्रॉब्लेम आहे, तो अजिबात रँडम नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. चिन्हवाल्या इंटमध्ये मर्यादा ओलांडली तर काय व्हावं हे सी च्या स्टँडर्डनं ठरवलेलंच नाही, त्याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात. वर दिलेले आकडे साधारणपणे येतात तसे आहेत, पण ऑप्टिमायझेशन लावलं की कंपायलर "असं होणारच नाही" असं धरून चालतो. म्हणून गुणाकार करून झाल्यावर "उत्तर मायनस आलं का" असं तपासणारी इफ ची कंडिशन लिहाल तर कंपायलर ती सरळ उडवूनही टाकू शकतो. तपासायचं तर गुणाकाराच्या आधी तपासा, म्हणजे क्युसेक हा २१४७४८३६४७ भागिले ८६४०० पेक्षा मोठा आहे का ते.

बरं, हे कळल्यावर पोरं काय करतात तर डावीकडचा टाईप बदलून ६४ बिटचा लाँग लाँग करतात.

लाँग लाँग घनफूट = क्युसेक * ८६४००;

आणि उत्तर परत तेच, २,५०,३२,७०४. इथं बरेच जण हात टेकतात, "लाँग लाँग केलं तरी येत नाही" म्हणतात आणि कोणतरी कंपायलर परत इन्स्टॉल करायला सांगतं.

सगळ्या पोस्टचा जीव ह्याच ओळीत आहे म्हणून जरा थांबून वाचा. सी मध्ये गणित कुठल्या टाईपमध्ये होणार हे उजवीकडचे दोन आकडे ठरवतात. डावीकडं काय लिहिलंय ते गणित करताना बघितलंच जात नाही. क्युसेक इंट, ८६४०० पण इंट, म्हणून गुणाकार इंटमध्ये झाला, जे सांडायचं ते तिथंच सांडलं, आणि मग उरलेलं लाँग लाँगमध्ये नेऊन ठेवलं. खळ्यावर सांडलेलं धान्य घरी मोठी कणगी आहे म्हणून काय परत येत नाही. दोघातल्या एकाला जरी गुणाकाराच्या आधी मोठं केलंत तर दुसरा आपोआप त्याच्या मापाचा होतो. म्हणून उपाय असा:

लाँग लाँग घनफूट = (लाँग लाँग) क्युसेक * ८६४००;

किंवा ८६४०० च्या शेवटी चिकटून एलएल लिहायचं, तेही चालतंय. पण कंस कुठं पडतोय ते बघा. (लाँग लाँग) लिहून पुढं (क्युसेक * ८६४००) असा सगळ्याला कंस घातला तर आधी आतला गुणाकार होणार, इंटमध्येच, आणि मग त्याचं कास्टिंग (टाईप बदलणं), म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. हे कास्टिंग नुसतं लिहिलंय एवढ्यावर समाधान मानणारे खूप असतात.

वाईट म्हणजे कास्टिंग नसलेल्या त्या ओळीवर जीसीसी ह्या कंपायलरची नेहमीची वॉर्निंगही येत नाही, कारण छोट्यातनं मोठ्यात ठेवणं हे त्याच्या हिशेबानं निर्धोक आहे. दोन्ही आकडे कोरे लिहिलेत, म्हणजे ५०००० * ८६४०० असं थेट, तर तो सांगतो की ओव्हरफ्लो होतोय, म्हणजे आकडा मावत नाही. व्हेरिएबल आलं की गप्प.

आता कास्टिंग बरोबर केलं. रन केलं. उत्तर? परत २,५०,३२,७०४!

हसू नका, हे खरंच होतं, आणि ह्याच्यावर जेवढा वेळ वाया जातो तेवढा कशावर जात नाही. ह्यावेळी गणित बरोबर झालेलं असतंय, व्हेरिएबलमध्ये ४३२ कोटी नीट बसलेत, पण छापणाऱ्या प्रिंटएफ मध्ये अजून पर्सेंट डी च आहे. पर्सेंट डी म्हणजे "इंट येतोय" असा निरोप, मग प्रिंटएफ ६४ बिटातले खालचे ३२ बिट उचलतो आणि छापतो. आणि ओव्हरफ्लोमध्ये पण खालचे ३२ बिटच उरले होते, त्यामुळं दोन वेगळ्या चुकांचं उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं येतं. पोराला वाटतं उपाय लागू पडला नाही, तो कास्टिंग काढून टाकतो, दुसरंच कायतरी करतो, आणि नंतर पर्सेंट एलएलडी (लाँग लाँगची खूण) लावतो तेव्हा कास्टिंग नसतंय. असं गोल गोल फिरत राहतात. म्हणून आधी कुठली चूक आहे ते वेगळं काढा: घनफूट भागिले १००००००००००.० नव्हे हां, शून्य मोजा, शंभर कोटीला एकावर नऊ, तर १०००००००००.० असं पॉइंट शून्य लावून भागा आणि पर्सेंट एफ नं छापा. ४.३२०००० आलं तर गणित बरोबर, छापताना घोळ. ०.०२५०३३ आलं तर गणितच चुकलंय.

विंडोजवर जुनं कोडब्लॉक्स किंवा डेव्ह सी प्लस प्लस असेल तर पर्सेंट एलएलडी लावूनही चुकीचं छापू शकतं, कारण त्याच्यातलं जुनं मिनजीडब्ल्यू (विंडोजवरचं जीसीसी) मायक्रोसॉफ्टची जुनी लायब्ररी वापरतंय आणि तिला ते कळत नाही, तिला पर्सेंट आय चौसष्ट डी लागतं (आय कॅपिटल, ६४ आकड्यात, मग डी). नवीन मिनजीडब्ल्यू घेतलं की हा त्रास नाही.

फॉरमॅटचा विषय निघालाय तर इनपुट वाचणारा स्कॅनएफ पण उरकून टाकू. पॉइंटवाल्या आकड्यांचे टाईप दोन, चार बाईटचा फ्लोट आणि आठ बाईटचा डबल. डबल व्हेरिएबल छापताना पर्सेंट एफ चालतं पण वाचताना पर्सेंट एलएफ च लागतं. कारण प्रिंटएफ कडं जाताना फ्लोट आपोआप डबल होतो म्हणून तिथं दोघांना एकच खूण पुरते. स्कॅनएफ ला मात्र पत्ता दिलेला असतो आणि तिथं किती बाईट लिहायचे हे त्याला फक्त त्या खुणेवरनं कळतं. पर्सेंट एफ दिलं तर आठ बाईटच्या जागेत चारच बाईट लिहितो आणि बाकीच्या चारात आधीचा कचरा तसाच. इंटला पर्सेंट एफ नं छापलं तर आणखी गंमत, ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटवाले आकडे वेगळ्या रजिस्टरमधनं जातात, त्यामुळं तिथं आधी जे काय पडलंय तेच छापलं जातं. म्हणून "वर एक प्रिंटएफ वाढवला की खालचं उत्तर बदलतंय" असली भुताटकी दिसते. भूत नाही, फॉरमॅट तपासा.

भागाकाराकडं येऊ. ४३२ कोटी नीट आले, आता टीएमसी काढायला शंभर कोटीनं भागलं आणि उत्तर आलं ४. डावीकडं डबल टीएमसी लिहिलंय, तरी ४.००००००. वरचाच नियम परत. उजवीकडं दोघंही पूर्णांक, मग भागाकार पूर्णांकाचा, पॉइंटनंतरचं कापलं, आणि मग ते चार डबलमध्ये जाऊन बसले. राऊंडिंग होतं असं समजू नका, ४.९९ असतं तरी चारच आलं असतं. ज्यानं भागताय त्या आकड्याला पॉइंट शून्य लावा, झालं काम. धरण किती टक्के भरलं ह्याचा प्रोग्राम तर दर बॅचला शून्य दाखवतो: साठा ७८ टीएमसी, क्षमता १०५ धरली, आणि लिहिलं ७८ भागिले १०५ गुणिले १००. डावीकडनं आधी ७८ भागिले १०५, पूर्णांकात शून्य, शून्याला शंभरानं गुणलं तरी शून्य. ७८ * १००.० / १०५ लिहा, ७४.२९ टक्के येतील.

पायथनवरनं आलेल्यांना हे सगळं जास्त टोचतं आणि त्यांचं चुकत नाही. पायथनमध्ये प्रत्येक आकडा आपला टाईप स्वतःबरोबर घेऊन फिरतो, पूर्णांक लागेल तेवढा मोठा होतो आणि एक तिरकी रेघ मारली की पॉइंटसकट उत्तर येतं. सी मध्ये टाईप फक्त कंपाईल होईपर्यंत जिवंत असतो. कंपायलर तो बघून "इथं ३२ बिटचा गुणाकार कर" अशी मशीनची सूचना लिहितो आणि विसरून जातो, तयार झालेल्या प्रोग्रामच्या मेमरीत नुसते बिट असतात, ते इंट आहेत का फ्लोट आहेत हे त्यांच्यावर कुठं लिहिलेलं नसतंय. म्हणून प्रोग्राम चालू असताना कुणी ओरडत नाही. म्हणूनच तो जोरातही पळतो, हेही मान्य करायला पाहिजे. सगळ्या कंपाईल होणाऱ्या लँग्वेज अशाच आहेत असंही नाही. जावामध्ये इंट ३२ बिटचाच, कुठल्याही मशीनवर, आणि ओव्हरफ्लो झाला तर गुंडाळला जाणार हे पक्कं ठरलेलं. रस्टमध्ये डीबग बिल्ड असेल तर प्रोग्राम तिथंच पॅनिक होऊन थांबतो. गो मध्ये दोन वेगळ्या टाईपची व्हेरिएबल स्वतः कास्ट केल्याशिवाय गुणताच येत नाहीत, सुरुवातीला वैताग येतो पण चुका पकडल्या जातात.

"कॉलेजच्या लॅबमध्ये वेगळं उत्तर, घरी वेगळं, मोबाईलवर वेगळं" ही तक्रार पण ह्यातलीच. लॅबमध्ये अजून टर्बो सी असेल, ती निळी स्क्रीन, तर तिथं इंट १६ बिटचा आहे, मर्यादा ३२,७६७. तिथं गुणाकारापर्यंत जायचीच गरज नाही, इंट क्युसेक मध्ये ५०,००० ठेवतानाच ते मायनस १५,५३६ होतात. सांगलीचा पिनकोड ४१६४१६ इंटमध्ये ठेवला तर २३२०० छापतो, जे बघायला एकदम साधासुधा आकडा वाटतो. लाँग लाँग टर्बो सी ला माहीतच नाही, ते सी ९९ मध्ये आलं आणि टर्बो सी त्याच्या कितीतरी आधीचा. माझं मत विचाराल तर शिकायला टर्बो सी वापरू नका, परीक्षेसाठी हात बसावा म्हणून लॅबमध्ये करा आणि घरी जीसीसी किंवा क्लँग कंपायलर ठेवा.

आणि लाँग, नुसता लाँग, ह्याच्या तर नादालाच लागू नका. ६४ बिट लिनक्सवर तो ६४ बिटचा, तसाच ६४ बिट अँड्रॉइडवर टर्मक्स ॲपमध्ये पण. विंडोजवर मशीन ६४ बिटचं असलं तरी लाँग ३२ बिटचाच. म्हणजे क्युसेक लाँग घेतला तर मोबाईलवर ४३२ कोटी येतात, तोच कोड मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर अडीच कोटी, आणि मग दोघं भांडतात. स्टँडर्डनं फक्त कमीत कमी किती पाहिजे ते सांगितलंय, इंट निदान १६ बिट, लाँग निदान ३२, लाँग लाँग निदान ६४, बाकी ज्याचं त्यानं ठरवायचं. शंका असली की साइझऑफ नं तिन्ही छापून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नेमकं माप पाहिजे असेल तर एसटीडीइंट डॉट एच घ्या आणि इंट चौसष्ट अंडरस्कोर टी वापरा, सगळीकडं ६४ च मिळणार.

आता अनसाइन्ड, म्हणजे चिन्हाचं बिट नसलेला, मायनस न घेणारा इंट. ओव्हरफ्लो दिसला की "पाणी काय मायनस नसतंय, अनसाइन्ड करून टाक" असा सल्ला कोणतरी देतंच. त्यानं मर्यादा २१४ ची ४२९ कोटी होते, ४३२ कोटी तरी मावत नाहीत, आणि वर एक नवीन दुखणं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी घ्या, काल ४१ फूट, आज ३८, दोन्ही अनसाइन्ड. फरक काढला आज वजा काल. मायनस तीन यायला पाहिजे, येतंय ४,२९,४९,६७,२९३. पाणी तीन फूट उतरलं आणि प्रोग्राम म्हणतोय सव्वाचारशे कोटी फूट चढलं, आणि पुढं "फरक शून्यापेक्षा मोठा असेल तर धोक्याचा मेसेज" अशी कंडिशन असेल तर मेसेज पण गेला. उलटा मोजणारा लूप अनसाइन्ड आय घेऊन "आय शून्यापेक्षा मोठा किंवा बरोबर" असा लिहिला तर तो कधी थांबतच नाही, कारण अनसाइन्ड शून्याखाली जातच नाही. मायनस होत नाही म्हणून अनसाइन्ड घ्या हे कारणच चुकीचं आहे, ज्याची वजाबाकी होणार आहे ते साइन्डच ठेवा.

पॉइंटवाल्या आकड्यांचं थोडक्यात. फ्लोट वापरू नका, डबल वापरा. फ्लोटला नेमके बिट २४ च मिळतात, म्हणून १,६७,७७,२१६ च्या पुढचे काही पूर्णांक त्यात बसत नाहीत, त्याच्या पुढचा १७ शेवटी असलेला आकडा ठेवून छापा, १६ च परत येईल. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पट्टीचा प्रोग्राम करणारे ह्यात सापडतात, २,५०,०००.१० रुपये फ्लोटमध्ये ठेवले आणि दोन दशांशावर छापले तर २,५०,०००.०९ दिसतात. पैसा गेला कुठं? अडीच लाखाच्या आसपास फ्लोटच्या दोन शेजारच्या आकड्यात रुपयाचा चौसष्टावा भाग एवढं अंतर असतं, दहा पैसे त्या खाचेत बसत नाहीत, नऊ पैसे आणि वर थोडं बसतंय. डबलमध्ये हे इतकं लवकर दिसत नाही, पण शेकडो पट्ट्यांची बेरीज करायची असेल तर मी तर सरळ सगळं पैशात करतो, पूर्णांकात, लाँग लाँगमध्ये, आणि छापताना रुपये-पैसे वेगळे काढतो. आणि पातळी तपासताना फ्लोट पातळी = ४०.१ ठेवून "पातळी बरोबर बरोबर ४०.१ आहे का" विचारलं तर उत्तर नाही असं येतं, कारण कोडमध्ये लिहिलेला ४०.१ डबल असतो आणि दोघांची शेपटी वेगळी. ४०.५ ला मात्र चालतं, अर्धा बायनरीत पूर्ण बसतो, त्यामुळं काही दिवस प्रोग्राम चालला आणि मग बंद पडला असं वाटतं. सांगलीत ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, ह्या पातळ्या तपासताना मोठा किंवा बरोबर असंच लिहा, नुसतं बरोबर कधीच नाही.

एक शेवटचा प्रकार, छोटा पण छळतो. सांगलीचा एसटीडी कोड ०२३३ इंटमध्ये ठेवला आणि छापला तर १५५ येतात. साताऱ्याचा ०२१६२ ठेवला तर ११३८. सी मध्ये आकडा शून्यानं सुरू झाला की तो अष्टमान समजला जातो, म्हणून. त्यात आठ किंवा नऊ असता तर निदान एरर आली असती. मोबाईल नंबरचं पण तेच, आपले नंबर ६ ते ९ नं सुरू होणारे दहा आकडी, म्हणजे सहाशे कोटीच्या वरच, इंटमध्ये सोडा, अनसाइन्डमध्येही एकही बसणार नाही. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही तो आकडा नाहीच, ते अक्षर आहे, कॅरेक्टर ॲरे घ्या आणि पर्सेंट एस नं वाचा.

हे सगळं डोळ्यानं शोधत बसण्यापेक्षा कंपायलरला कामाला लावा. जीसीसी ला डॅश डब्ल्यू ऑल आणि डॅश डब्ल्यू एक्स्ट्रा द्या (डब्ल्यू कॅपिटल), फॉरमॅटच्या सगळ्या भानगडी आणि तो न थांबणारा अनसाइन्ड लूप लगेच दाखवतो. डॅश डब्ल्यू कन्व्हर्जन दिलं तर मोठ्यातनं छोट्यात कुठं कोंबताय तेही दाखवतो, जरा जास्तच बडबड करतो पण एकदा वाचा. गुणाकारातला ओव्हरफ्लो मात्र ह्यातल्या कशानं सापडणार नाही हे वर सांगितलंच. त्याच्यासाठी लिनक्सवर किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) मध्ये डॅश एफ सॅनिटाइझ इक्वल टू अनडिफाइन्ड लावून कंपाईल करा आणि मोठा इनपुट देऊन चालवा, कुठल्या ओळीवर कुठले दोन आकडे गुणताना इंट फुटला ते आकड्यांसकट छापतो. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यू मध्ये बहुतेक वेळा त्याची लायब्ररी नसते, लिंक करताना अडेल, तिथं वेळ घालवू नका. आणि टेस्ट करताना २,१०० क्युसेक टाकून थांबू नका, २४,८५५ आणि २४,८५६ दोन्ही टाका, मग ५०,०००, मग लाख.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं झालं तर "आउटपुट चुकतंय" एवढंच सांगू नका आणि स्क्रीनचा तिरका फोटो तर नकोच. कंपायलर कुठला, मशीन विंडोज का लिनक्स का मोबाईल, चुकणाऱ्या ओळीतल्या प्रत्येक व्हेरिएबलचा टाईप काय, दिलेला इनपुट, आलेलं उत्तर अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत, आणि छापणारी प्रिंटएफ ची ओळ जशी आहे तशी. उत्तर आकड्यानिशी असलं तर त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिळवून किंवा वजा करून बघता येतं, आणि खरं उत्तर तिथं सापडलं की निम्म्याहून जास्त वेळा उरलेला कोड वाचायची गरजच पडत नाही.